अक्षर माझं, पाणी दुसरीकडचं

"बाटलीला हात लावू नको. तुझ्या हाताचा वास पाण्यात जाईल."

सर्व्हेवाले सर बोलले. नदीच्या काठावर, सकाळी साडेदहाच्या उन्हात, माझ्या बापासमोर.

मी हात मागे घेतला. सरांनी पिशवीतून साबणाची वडी काढली आणि लांबूनच माझ्याकडे टाकली. ती रेतीत पडली. मी उचलली. हात धुतले. सर म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नव्हतं. तिसऱ्यांदा मी आपणहून धुतले. ती तिसरी वेळ मला अजून छळते. पहिल्या दोन वेळा त्यांनी धुवायला लावले. तिसऱ्या वेळी मलाच माझ्या हातांची लाज वाटली.

बाबा डोंग्यात उभे होते. बांबू पाण्यात रोवून. सगळं बघत होते. बोलले काही नाहीत.

तेव्हा मला वाटलं, असेल नियम. नमुन्याला हात लावत नसतील. शिकलेला माणूस उगाच कशाला बोलेल? पण त्यांच्या पेटीत हातमोज्यांचे तीन-चार जोड पडले होते. गाडीच्या ड्रायव्हरला पेटी उचलायची होती, तर सरांनी त्यातला एक जोड काढून त्याला दिला. ड्रायव्हर सकाळपासून तंबाखू मळत होता. त्याच्या हाताला मोजे. माझ्या हाताला साबण, तोही फेकून.

हे मी त्याच दिवशी पाहिलं होतं. पण पाहूनही मनात येऊ दिलं नाही.

आम्ही भोई. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, नदीला लागून. कपाशी आणि तुरीची वावरं वरच्या अंगाला, ती दुसऱ्यांची. आमची घरं खाली, पाण्याजवळ. पूर आला की आधी आमच्या चुलीत शिरतो. बाबा जाळं टाकतात, मी मासे विकते. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले, तेव्हापासून आठवडी बाजारातली आईची जागा मी चालवते. आई आता नाही. मी बारावी पास आहे. आमच्या आळीत बारावी झालेली बाई मी एकटीच, आणि याचा मला फार गर्व होता.

गावाच्या वर काही वर्षांपूर्वी कोळसा धुवायचा कारखाना आला. कोळसा धुतलेलं काळं पाणी आम्ही तळ्यात साठवतो, नदीत सोडत नाही, असं कारखानेवाले म्हणतात. त्या तळ्याच्या मागून एक नाला निघतो आणि आमच्या नदीला मिळतो. त्या नाल्यात लहानपणी आम्ही झिंगे धरायचो. आता त्यात पाय घातला तर पायाला काळा मोजा चढतो.

कारखाना अजून वाढवायचा होता. त्यासाठी नदीची तपासणी करायला एका एजन्सीचे हे सर आले. सरपंचानं निरोप धाडला, लिहिता येणारं आणि नदी माहीत असणारं माणूस पाहिजे, एक दिवसाचा रोज मिळेल. बाबांचा डोंगाही पाहिजे. मी लग्नाकार्याची साडी नेसले. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी तपासाले येऊन राह्यले, अन् पयला फोन सरपंचाले? नदीचं इचाराचं तं सिद्दं नदीवर यावं."

मी म्हटलं, "बाबा, तुमाले सगळ्याईचा संशयच येते."

सर आले. आम्ही महादेवाच्या घाटावर होतो. घाट वर आहे, नाला खाली मिळतो. डोंग्यानं जायला वीसेक मिनिटं लागतात. सरांनी घाटावरूनच बाटल्या भरायला काढल्या. बाबा म्हणाले, "साहेब, इथचं पाणी चांगलंच हाय. खाली चला. नाला मिळते, त्याच्या खाली डोह हाय, तिथचं घ्या. अन् आता नोका घेऊ, दोन वाजू द्या. कारखान्याची पाळी बदलली का मंग नाला काळा होते."

सर फोनमध्ये बघत होते. मान वर न करता म्हणाले, "मामा, पाणी कुठून घ्यायचं हे आता तुम्ही आम्हाला शिकवणार का?"

ड्रायव्हर हसला. आणि मीही हसले. थोडीशीच. पण हसले. बापावर हसले.

मग सरांनी मला मार्कर दिला. बाटलीला हात लावायचा नव्हता, पण बाटलीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या माझ्याकडून लिहून घ्यायच्या होत्या. सरांचं मराठी अक्षर बरं नव्हतं, आणि कागद मराठीत लागणार होते. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचे.

"लिही. नमुना एक. महादेव घाट."

लिहिलं.

बाबांनी आम्हाला डोंग्यातून घाटासमोरच मधल्या धारेत नेलं. "नमुना दोन. महादेव घाट, मध्य प्रवाह."

लिहिलं.

तिसरी बाटली सरांनी त्याच जागी बुडवली. डोंगा हाताभरही हलला नव्हता. "नमुना तीन. नाला-संगमाच्या खाली, डोह."

माझा हात थांबला. "सर, हे तं वरचंच पाणी हाय. आपण खाली गेलोच नाही."

"तुला लिहायला बोलावलंय की विचारायला?"

मी लिहिलं. 'नाला-संगमाच्या खाली, डोह.' रेघेवर, वळणदार, एकही ऱ्हस्व-दीर्घ न चुकता. चौथ्या बाटलीवरही तेच. माझ्या आयुष्यात मी इतक्या सुंदर अक्षरात खोटं कधी लिहिलं नव्हतं.

बाटल्या झाल्यावर, परत काठाला लागल्यावर, सरांनी माशांची नावं विचारली. हा भाग मला आधी बरा वाटला. बाबा डोंग्यातून उतरले, गुडघ्याला हात लावून वाळूत बसले आणि सांगू लागले. मरळ. वाम. मांगूर. शिंगूर. बोटरी. झिंगे. कोणता कधी अंडी घालतो, कोणाला वाळू लागते, कोणाला गाळ. मरळीची पिल्लं लाल असतात, थव्यानं फिरतात, तेव्हा आम्ही मरळ धरत नाही. बाबा हेही म्हणाले, "झिंगे काठावर चढाले लागले का समजाचं, तळचं पाणी नासलं. मंग दोन दिवसांत मासा उलटा होते. हे यंत्र लावून नाही कळत. झिंग्याईले पयले कळते."

बाबा एकदम थांबले. सरांच्या पेनकडे बघत राहिले.

"साहेब, तुमी लिहून नाही राह्यले."

"कामाचं असेल ते लिहितोय," सर म्हणाले. त्यांच्याकडे फोटोंचं एक पुस्तक होतं. बाबा नाव सांगत, सर पानं उलटत, नाव सापडलं नाही की पुढे जात. ज्या नदीत माझा बाप पन्नास वर्षं उतरतो, तिथले मासे त्या पुस्तकात नव्हते म्हणून नव्हतेच.

जाताना सरांनी बाबांना डोंग्यातल्या सकाळच्या मासळीतली एक मरळ हातात धरायला लावली आणि फोटो काढला. म्हणाले, "मामा, हसा की जरा." बाबांना हसता आलं नाही. दात दिसेपर्यंत सरांनी सोडलं नाही.

घरी येऊन मी चूल पेटवली. बाबा दारात बसले होते. मी आपणहून म्हटलं, "बाबा, तसा नियम असन त्याईचा."

बाबांना वाचता येत नाही. पण सर मला काय लिहायला सांगत होते, ते त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, "तुह्या चिठ्ठीत डोह लिहिला. आपला डोंगा डोहात गेलता काय?"

मी चुलीत काटकी सारली.

"मी बी तिथं बोललो नाही," बाबा म्हणाले. "तू लिहिलं, मी पाह्यलं. दोघंई सारखेच."

उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी मी भांडी घासायला नदीवर गेले, तर काठ हलत होता. झिंगे. ओल्या वाळूवर, दगडांवर, गवताच्या मुळाशी, एकावर एक चढलेले. कावळ्यांची चंगळ. आळीतल्या बाया टोपल्या घेऊन धावल्या. बाबांनी त्यांना अडवलं. "कोणी खाऊ नोका. कोणी विकू नोका. जाळे काढून घ्या." काही जणींनी ऐकलं, काहींनी शिव्या दिल्या. बाबांनी स्वतःचं जाळं बाहेर काढून झाडावर टाकलं.

तिसऱ्या दिवशी मासे वर आले. पांढरी पोटं. घाटापासून नाल्यापर्यंत एकही नाही. नाल्याच्या तोंडापासून खाली मात्र सगळं पात्र भरलेलं. वाम तर मी इतक्या पाहिल्याच नव्हत्या. आयुष्यभर गाळात लपणारा मासा, मरताना उघड्यावर आला.

मासे कशानं मेले ते बघायला एक अधिकारी आले. गाडीतून उतरले, नाकाला रुमाल लावला. पहिलं वाक्य हे: "तुमच्यातल्याच कुणीतरी मासे मारायचं औषध टाकलं असेल. तुम्ही लोक टाकताच की."

बाबा म्हणाले, "साहेब, औषध आमी टाकलं असतं तं मासे उचलाले आमीच पयले पाण्यात असतो. आमी तं तीन दिवस आंधी जाळे काढले. सारी आळी साक्ष हाय."

"म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं?" अधिकारी म्हणाले आणि बाबांकडे असे बघू लागले, की जणू चोर सापडला.

नदीचं कळणं हाच माझ्या बापावरचा पुरावा झाला. त्या दिवसापासून बाबा बाहेरच्या माणसासमोर नदीबद्दल बोलेनासे झाले. बाजारात मी समोर येणाऱ्याला सांगायचे, हे मासे वरच्या तलावातले आहेत. लोक तोंड फिरवून जायचे. पाटलांची सून नेहमीची गिऱ्हाईक. ती म्हणाली, "तुमीच नदीत जहर टाकता अन् आमालेच इकता?" टोपली तशीच घरी आली.

मग जनसुनावणीची दवंडी झाली. कारखाना वाढवायचा, त्यावर गावाचं म्हणणं ऐकून घेणार. शाळेच्या मैदानात मांडव, खुर्च्या, समोसे. स्टेजवर बाटलीबंद पाणी. दाराशी एक टेबल, टेबलावर वही. जो येईल त्यानं सही करायची, मग समोसा. लोक रांगेत उभे राहून सह्या करत होते. मी गर्दीतून बाजूनं आत शिरले. सही टाळायची असं काही ठरवलं नव्हतं. आत लावलेला फलक दिसला आणि माझे पाय तिकडे गेले.

फलकावर बाबा होते. हातात मरळ, दात दिसताहेत. खाली लिहिलेलं, 'स्थानिक मच्छीमार समाधानी.' त्याच फलकावर दुसऱ्या कोपऱ्यात, 'या पट्ट्यात महत्त्वाच्या मत्स्यप्रजाती आढळल्या नाहीत.' म्हणजे मासे नाहीत आणि मच्छीमार खूश. एकाच फलकावर. लिहिणाऱ्यानं दोन्ही वाक्यं एकाखाली एक वाचलीच नसतील. किंवा आम्ही वाचणार नाही, याची त्याला खात्री असेल.

आणि मधोमध बाटल्यांचा मोठा फोटो. नमुना तीन. नाला-संगमाच्या खाली, डोह. माझं अक्षर, हातभर मोठं केलेलं.

मी जवळच्या खुर्चीत बसले, तेव्हा कारखान्याचा माणूस माइकवर बोलत होता. "पाणी स्वच्छ आहे, हे आम्ही म्हणत नाही, तपासणी म्हणते. आणि नमुने घेताना तुमच्याच गावची मुलगी हजर होती. हे बघा, चिठ्ठ्या तिच्याच हस्ताक्षरात आहेत. मग आता तक्रार कशाची?"

सगळा मांडव माझ्याकडे वळला. आमच्या आळीतली शांता काकू माझ्या शेजारी होती. ती दोन खुर्च्या पलीकडे सरकली. बाबा मागे, मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनीच माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत होते.

मी उठले. माइकपर्यंत गेले. माइकमधून नुसता माझा श्वास ऐकू येत होता, आणि मागून कुणीतरी हसलं.

"अक्षर माहं हाय," मी म्हटलं. "पाणी त्या जाग्याचं नाही."

स्टेजवरचे मुख्य साहेब पुढे झुकले. "म्हणजे?"

"चारई बाटल्या महादेवाच्या घाटावर भरल्या. नाल्याच्या वर. डोंगा खाली गेलाच नाही. सरांनी सांगतलं तसं मी लिहिलं. ते खोटं हाय. मी खोटं लिहिलं."

सर्व्हेवाले सर तिथंच, दुसऱ्या रांगेत बसले होते. उभे राहिले. आवाज अगदी शांत. "सर, ही रोजंदारीवरची मजूर होती. तिला नमुना घेण्याची पद्धत कळत नाही."

मला तेव्हा राग आला. त्याआधी नुसती भीती होती. राग आल्यावर आवाज आपोआप निघाला.

"मजुराले पद्धत नसन कळत. पण बाटली कुठं बुडवली ते दिसते. मले डोळे हायेत."

मुख्य साहेबांनी विचारलं, "मग त्याच वेळी का नाही सांगितलंत?"

"इचारलं होतं. हे म्हणे, तुला लिहायला बोलावलंय की विचारायला. मी भेली अन् लिहिलं. माहं चुकलं. पण माहं चुकलं म्हणून पाणी चांगलं होत नाही, साहेब."

मांडवात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब म्हणाले, "ठीक आहे, नोंद घेऊ." आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर पडताना टेबलवाल्यानं मला अडवलं. "ताई, तुमची सही राहिली."

मी वही बघितली. पानभर सह्या आणि अंगठे. वर शीर्षक नाही. कोरी जागा.

"वरतं काय लिहिणार?"

"हजेरी, दुसरं काय."

"तं लिहा न आता. हजेरी लिहा, मंग करतो सही."

"ते नंतर ऑफिसात लिहितात."

"कोरं कायले ठेवता मंग?"

तो चिडला. म्हणाला, समोसा खाल्ला असेल तर सही करावीच लागते. मी म्हटलं, खाल्ला नाही. खरंच खाल्ला नव्हता. माझ्यामागे आमच्या आळीतल्या काही बाया उभ्या होत्या. अंगठ्याला शाई लावून झाली होती. त्यांनी शाई पदराला पुसली आणि निघाल्या. पण त्यांच्या आधी अर्ध्या गावानं सह्या केल्या होत्या. त्या सह्यांचं काय झालं असेल, याचा विचार मी आजही करते.

सुनावणीचा अहवाल पंचायतीत लागला तेव्हा मी जाऊन वाचला. माझं बोलणं एका ओळीत होतं. 'एका महिलेने नमुन्यांबाबत शंका उपस्थित केली.'

शंका. मी शंका घेतली नव्हती. मी स्वतः केलेली गोष्ट सांगितली होती. पण माझी कबुली त्यांच्या कागदावर शंका झाली, आणि त्यांचं खोटं तपासणी झालं.

गावात दोन तट पडले. कारखान्यात ज्यांची मुलं लागली आहेत, ते माझ्याशी बोलत नाहीत. आणि आमची आळी? शांता काकू नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, "आता बोंबलून काय फायदा वं? रोज घेऊन लिहाले पयले तूच गेलती न?"

मी घागर उचलली. ती बरोबर बोलत होती. माझ्यावर संशय घ्यायचा तिला हक्क आहे. मीही आता सगळ्यांवर घेते. फोटो काढणाऱ्यावर. नाव विचारून न लिहिणाऱ्यावर. कोऱ्या वहीवर. मध्ये एक बाई शहरातून कॅमेरा घेऊन आली, म्हणाली, मी तुमच्या बाजूची आहे. मी म्हटलं, आधी जे घेऊन जाल ते मला दाखवून न्या. ती पुन्हा आली नाही.

मी एस.टी.नं यवतमाळला गेले. कोर्टाजवळ टायपिंग करणाऱ्याकडे प्रतिज्ञापत्र करून घेतलं. त्यानं अर्ध्यात हात थांबवला. म्हणाला, "ताई, हे तुमच्यावरच येईल. खोटं लिहिलं असं तुम्हीच कबूल करून राह्यल्या." मी म्हटलं, "तेच लिहा. पयल्या ओळीत लिहा." बाबा सोबत होते. त्यांनी वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाले, "माहं नाव बी टाक. मी तिथं उभा होतो अन् बोललो नाही, हे बी टाक." त्या अधिकाऱ्यानंतर बाहेरच्या माणसासमोर बाबांनी नदीबद्दल बोललेलं ते पहिलं वाक्य. मी सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या ऑफिसात कागद दिला, पोच घेतली, शिक्का नीट उमटला का ते उजेडात धरून बघितलं. उमटला नव्हता. दुसरा मारून घेतला.

अजून उत्तर आलेलं नाही. डोहात मासा परत आलेला नाही. बाबा वरच्या तलावावर दुसऱ्याच्या हाताखाली जाळं ओढतात.

गेल्या आठवड्यात पंचायतीतून निरोप आला. फेरतपासणी होणार आहे, नवी टीम येते, डोंगा द्या आणि एक लिहिणारी बाई द्या. या वेळी रोज जास्त आहे. मी विचारलं, पाणी कुठून घेणार आणि किती वाजता? निरोप्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, माहीत करून ये, आणि लिहून आण.

त्यांना दुसरा डोंगा मिळेल. लिहिणारी दुसरीही मिळेल, गरज कुणाला नाही? पण ते ज्या दिवशी येतील, त्या दिवशी मी पाण्यात उभी असेन. बाटली कुठं बुडते ते बघेन, आणि घड्याळात किती वाजले ते बघेन. खोटं लिहून घेतलं तर तिथंच, त्यांच्या तोंडावर, लिहिणारीचा हात धरेन. माझा तेव्हा कुणी धरला नव्हता.

आणि माझं ते जुनं खोटं ज्या ज्या ऑफिसात जाऊन बसलं आहे, त्या प्रत्येक ऑफिसात मी जाणार आहे. एक झालं. दुसरं उद्या सकाळी.